एका कागदाच्या दोन चवी

भिकाजींच्या घरात कोबी शिजायला लागला की मयूरीचं पोट दुखायला लागायचं.

पाचवीतली पोर. एरवी उड्या मारत शाळेतून घरी यायची. पण उंबऱ्यापाशी तो वास नाकात शिरला की तिचा चेहरा उतरायचा. दप्तर हळूच खाली ठेवून ती आईच्या कानाशी जायची आणि विचारायची, "आई, आज परत तीच भाजी?"

आई, म्हणजे पूजा, काय सांगणार? घरात भाजी कुठली करायची हे ठरवणारे सासरे होते. भिकाजींची रामनगरच्या वेशीबाहेर बागायत होती. कोबी आणि नवलकोल हे त्यांचे लाडके. गोव्याकडे जाणारा टेम्पो पहाटे त्यांच्या बांधावर उभा राहायचा आणि टोपल्या भरभरून माल घेऊन जायचा. "माझा कोबी अख्खं गोवा खातंय," असं ते चारचौघांत छाती पुढे काढून सांगायचे. माणूस वाईट नव्हता. कुणाच्या अडीअडचणीला धावणारा, नातीला खांद्यावर घेऊन जत्रा दाखवणारा. फक्त ताटाच्या बाबतीत त्यांचा कायदा कडक होता. वाढलेलं संपवायचं! 'आवडत न्हाई' हा शब्द त्या घरात चालत नसे.

वाचकहो, हा कायदा आपल्यापैकी कितीजणांच्या घरात आहे, ते ज्यानं त्यानं स्वतःच आठवावं.

एका गुरुवारी भिकाजींचे थोरले भाऊ नारायण आणि वहिनी खानापूरहून आले. दुपारची पंगत बसली. पार्वतीबाईंनी, म्हणजे भिकाजींच्या पत्नीनं, मालकांना आवडतो तसा कोबी केला होता. मसूर घालून, मंद आचेवर रटरटवून, अगदी मऊ गाळ. मयूरी भाकरी नुसत्या आमटीशी खात होती. कोबीचा ढीग ताटाच्या कडेला तसाच होता.

नारायणरावांचं लक्ष गेलं. ते हसत म्हणाले, "काय रे भिकू, गोवा खातंय तुझा कोबी आणि नात खाईना व्हय?"

थट्टाच ती. पण भिकाजींच्या जिव्हारी लागली.

"मयूरे, खा."

"आज्जा, कडू लागतोय ओ."

"कोबी कधी कडू असतोय काय? नखरे बंद कर. खा म्हणतो न्हवं!"

मयूरीनं डोळे मिटले, मोठा घास घेतला, दोनदा चावला आणि भडाभडा ओकली. ताटात, पाटावर, पाहुण्यांच्या देखत!

नारायणराव हातातला घास तसाच धरून बसले. भिकाजी ताटावरून उठले. त्यांचे कान लाल झाले होते.

"पूजा! हे असलं वळण ह्या घरचं न्हवं. तुमच्या माहेरी, गुंदला, रानातलं काय खात होता, काय टाकत होता, मला ठाऊक न्हाई. शनवारी शाळेत मेळा हाय, मी पावणा म्हणून स्टेजवर बसणार हाय, तवर गप ऱ्हायचं. सोमवारी पोरीला घेऊन माहेरी जा. तिला खायला शिकव आणि मगच परत ये!"

पूजानं पदरानं मयूरीचं तोंड पुसलं. ती एवढंच म्हणाली, "मामंजी, मी सगळं खाते की. तिलाच का जमत न्हाई, ते मलाबी कळंना."

तिचा नवरा योगेश खाली मान घालून बसला होता. तो जीप चालवायचा, पर्यटकांना गणेशगुडीला राफ्टिंगला न्यायचा. घाटातल्या वळणावर समोरून ट्रक आला तरी न घाबरणारा गडी वडिलांपुढे मात्र मुका व्हायचा. पार्वतीबाईंनी काहीतरी बोलायला तोंड उघडलं. मग ते मिटून घेतलं, फडकं आणलं आणि पुसायला बसल्या.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी शिल्पा टीचर घरी आल्या. गावच्या शाळेत त्या विज्ञान शिकवायच्या. भाजी मेळ्याची कल्पना त्यांचीच होती आणि मेळ्यासाठी भिकाजींकडून कोबी-नवलकोल न्यायला त्या स्वतः आल्या होत्या. अंगणात मयूरी एकटीच दगडावर बसलेली दिसली.

"काय गं, उद्याच्या गाण्यात तू आहेस ना? चेहरा असा का?"

"टीचर, सोमवारपासून मी शाळेला येणार न्हाई. मी आणि आई गुंदला जाणार. मला कोबी कडू लागतोय म्हणून."

टीचर आधी हसणार होत्या. पण मुलीचे डोळे पाहून त्यांचं हसू तिथंच विरलं. "कडू? नक्की कडूच? की वास नको वाटतो?"

"वासबी नको वाटतोय. पण कडूच. नवलकोल तर त्याहून कडू. मी खोटं बोलत न्हाई ओ!"

टीचर ताडकन वळल्या. भिकाजी टोपल्या मोजून देत होते, त्यांच्यापुढे जाऊन त्या म्हणाल्या, "भिकाजीअण्णा, एक विचारू? मयूरीला कोबी खरंच कडू लागत असला तर?"

"टीचर, तुम्ही शिकलेली माणसं पोरांना असंच डोक्यावर बसवता. एकाच भांड्यातली भाजी. मला गोड, तिला कडू, असं कसं होईल? सोंग हाय नुसतं!"

"होतं. आणि मी ते दाखवू शकते. उद्याच, मेळ्यात. सगळ्यांसमोर दाखवू?"

भिकाजींना वाटलं, ही बाई आपल्याला काय दाखवणार! ते मोठ्यानं हसले. "दाखवा की! साऱ्या गावापुढं दाखवा. सोंग असंल तर पोरगी सुधरंल तरी."

शनिवार उजाडला आणि शाळेचं पटांगण नुसतं फुलून गेलं! बाकांवर भाज्यांच्या राशी लागल्या होत्या. जोयडाच्या डोंगरातून बायकांनी कणगरं, कोनफळं असे कंद, काही तर हातभर लांब, आणले होते. गुंदहून, अणशीहून माणसं आली होती. मराठी, कन्नड, कोकणी, सगळ्या बोलींचा एकच गलका. पोरं या बाकावरून त्या बाकावर धावत होती. भिकाजी पांढराशुभ्र सदरा घालून, डोक्याला फेटा बांधून मुख्याध्यापकांबरोबर मेळा पाहत फिरत होते. एका बाकावर एका बाईनं द्रोणात हिरवीगार चटणी पुढे केली.

"घ्या की, अण्णा. कोथिंबिरीची हाय."

भिकाजींनी हात झटकला. "न्हाई बाई, मला कोथिंबीर चालत न्हाई. साबण खाल्ल्यागत लागतंय."

मागून चालणाऱ्या शिल्पा टीचरनी ते ऐकलं. त्यांचे डोळे चमकले.

भाषणं झाली. भिकाजींचंही झालं. "भाज्या खावा, ताकद येती, पोरांचे लाड करू नका," असं त्यांनी ठणकावून सांगितलं आणि टाळ्या घेतल्या. मग शिल्पा टीचर माइकजवळ आल्या. त्यांच्या हातात कागदाच्या बारीक पट्ट्या होत्या.

"मंडळी, आता एक गंमत! हा कागदाचा तुकडा जिभेवर ठेवायचा, चव बघायची आणि थुंकून टाकायचा. गिळायचा नाही. आणि जे लागेल तेच खरं सांगायचं. शेजाऱ्याकडं बघून सांगायचं नाही! सुरुवात पाहुण्यांपासून."

भिकाजींनी पट्टी जिभेवर ठेवली. इकडून तिकडे फिरवली. भुवया उंचावल्या. "टीचर, कोरा कागद हाय की ह्यो! कसलीच चव न्हाई."

माणसं हसली. "आता मयूरी," टीचर म्हणाल्या.

मयूरी स्टेजवर आली. तिनं पट्टी जिभेवर टेकवली मात्र, "ई! कडू! कडू जहर!" म्हणत ती थुंकायला धावली.

"बघा!" भिकाजी माइकवरच गरजले. "बघा सोंग! कागदबी कडू लागतोय हिला! टीचर, तुम्ही दोघींनी मिळून ठरवलं असणार. नाहीतर तिचा कागद येगळा हाय!"

"असेल," टीचर शांतपणे म्हणाल्या. "मग तुम्हीच निवडा. ह्यातली हवी ती पट्टी उचला, स्वतःच्या हातानं फाडा. अर्धी तुम्ही चाखा, अर्धी तुमच्या मनाला येईल त्याला द्या. ज्याच्यावर तुमचा विश्वास आहे, त्याला."

सगळं पटांगण श्वास रोखून बघायला लागलं. भिकाजींनी पट्ट्या चाळल्या, मधलीच एक उपसली, टर्रकन फाडली. अर्धी तोंडात टाकली. "कायबी न्हाई. कोराच!" मग बायकांच्या रांगेकडे पाहून त्यांनी हाक मारली, "अगं, तू ये गं हिकडं! तू सांग ह्यांना खरं काय ते!"

पार्वतीबाई पदर सावरत वर आल्या. उरलेला अर्धा तुकडा त्यांनी जिभेवर ठेवला. आणि त्यांचा चेहरा असा काही पिळवटला की पहिल्या रांगेतली पोरं उभीच राहिली! त्या तोंडाला पदर लावून स्टेजच्या कडेला गेल्या, चूळ भरली, आणि परत येऊन धापा टाकत म्हणाल्या, "कडू! कडुनिंब बरा, एवढं कडू!"

"काय?" भिकाजींनी तोंडातला अर्धा तुकडा हातावर काढून पाहिला. "अगं, एकाच कागदाचा तुकडा हाय. मीच फाडला न्हवं!"

"म्हणून तर सांगते, कडू हाय!"

मग जो गोंधळ उडाला तो विचारूच नका! जो तो हात पुढे करून पट्टी मागायला लागला. "मला द्या! मला!" कुणी थुंकतंय, कुणी दुसऱ्याच्या पाठीवर थाप मारून हसतंय, नवराबायको एकमेकांच्या तोंडाकडे बघतायत. सख्ख्या भावांपैकी एकाला कडू, दुसऱ्याला काहीच नाही! मुख्याध्यापकांना कडू, शिपायाला कोरा कागद. टीचरनी पूजालाही पट्टी दिली. पूजानं नीट चाखली आणि मान हलवली. "काही लागत न्हाई, टीचर. नुसता कागद."

"आणि योगेश, तुम्ही?"

योगेशनं पट्टी जिभेवर ठेवली आणि लगेच बाजूला थुंकला. "कडू," तो हळूच म्हणाला. मग वडिलांकडे न बघता, एका दमात बोलून गेला, "लहानपणापास्नं कोबी कडूच लागतोय मला, बाबा. म्हणून घरात कोबी असला की मी जीप घेऊन जातोय. गणेशगुडीला हॉटेलात जेवतोय."

"म्हणजे कोबीच्या दिवशी पर्यटक लई असतात, ते हे होय!" भिकाजी ओरडले, आणि सारं पटांगण खदखदून हसलं.

हसू ओसरल्यावर टीचरनी माइक हातात घेतला. आता त्यांच्या आवाजात थट्टा नव्हती.

"मंडळी, आपल्या जिभेवर चव ओळखणाऱ्या अगदी बारीक जागा असतात. त्या कशा घडणार, ते आईबापांकडून आलेल्या जनुकांत ठरतं. केस कुरळे की सरळ हे जसं ठरतं, तसंच. ह्या कागदावर एक पदार्थ लावलाय. कोबी, नवलकोल, मुळा, मोहरीचा पाला, ह्यांच्यात जे कडवट असतं, त्याच्याच जातीचा. काहींच्या जिभेला तो झोंबतो, काहींच्या जिभेला त्याचा पत्ताही लागत नाही. अण्णांची जीभ खोटी नाही, आणि मयूरीची जीभही खोटी नाही! दोघं एकाच ताटात जेवतात, पण दोघांच्या तोंडात दोन वेगळ्या भाज्या जातात. आणि बघा, पूजाला हा कागद कोरा लागला. मयूरीचा कडूपणा तिच्या आईकडून, गुंदहून आलेला नाही. तो आजीकडून बापाकडे आणि बापाकडून तिच्याकडे आलाय. तुमच्याच घरातून, अण्णा!"

पूजानं मान वर केली. गुरुवारपासून पहिल्यांदाच.

भिकाजींना घाम फुटला होता. तरी ते हट्टानं म्हणाले, "ते असू दे, टीचर. पण आवडत न्हाई म्हणून टाकून द्यायचं, ही सवय वाईटच. जिभेचे चोचले पुरवत बसलं तर पोरं उद्या काय खातील?"

टीचर उत्तर देणार, तेवढ्यात पार्वतीबाई पुढे झाल्या. लग्न होऊन त्या घरात आल्यापासून चारचौघांत त्या मोठ्यानं बोललेल्या कुणी ऐकलं नव्हतं.

"तुम्हाला कोथिंबीर चालत न्हाई," त्या म्हणाल्या. "मी नवी नवरी म्हणून आले त्याच दिवशी आत्तींनी, तुमच्या आईनं, मला सांगितलं, आमच्या भिकूला कोथिंबीर चालत न्हाई, घरात आणायची न्हाई. मी आणली न्हाई. भाजीवाल्यानं फुकट दिली तरी वाटेत गाईला घातली. तुम्हाला कधी कोण म्हटलं काय, खा म्हणून? कोण पाठवलं काय तुम्हाला माघारी, शिकून या म्हणून? तुम्हाला चालत न्हाई ती प्रकृती, आणि माझ्या नातीला चालत न्हाई तो नखरा?"



"मलाबी कोबी कडू लागतोय," पार्वतीबाईंचा आवाज फुटला. "इतकी वर्सं पाण्याच्या घोटाबरोबर गिळतेय मी. गुरुवारी पोर ओकली तवा सांगणार होते. पण जीभ उचलली न्हाई. म्हटलं, बाईमाणसाला काय आवड आन् काय निवड!"

भिकाजी त्यांच्याकडे बघतच राहिले. पार्वतीबाई पंगतीत सगळ्यांत शेवटी बसायच्या आणि शेजारी पाण्याचा तांब्या घेऊन जेवायच्या, हे त्यांनी रोज पाहिलं होतं. पण ते पाणी कशासाठी लागतं, हे एकदाही मनात आलं नव्हतं! ज्या कोबीचा आपण गावभर डांगोरा पिटला, तो आपल्याच बायकोनं औषधासारखा गिळला. आणि आपण? आपण सुनेच्या माहेराचा उद्धार केला, लेकराला सगळ्यांसमोर ओकायला लावलं!

त्यांनी डोक्यावरचा फेटा काढून हातात घेतला. माइकपाशी आले.

"मी भाषण केलं मघाशी," ते म्हणाले. "ते तुम्ही विसरा. माझी नात खोटं बोलत न्हवती. खोटा मी ठरलो. मयूरे, चुकलं माझं." मग पूजाकडे वळून म्हणाले, "आणि पूजा, मी तुझ्या माहेराला बोललो, तेबी चुकलं. सोमवारी कुणी कुठं जायचं न्हाई. गुंदला सणाला जाऊ, मीच येतो संगं. तुझ्या आईला माझ्या तोंडानं सांगतो."

टाळ्यांचा असा कडकडाट झाला की वडाच्या झाडावरची पाखरं उडाली! पूजानं डोळे पुसले आणि मयूरीला घट्ट जवळ घेतलं.

पण शिल्पा टीचरचं काम अजून संपलं नव्हतं. "थांबा! थांबा!" त्या ओरडल्या. "अण्णांचा प्रश्न अर्धा बरोबर होता. आवडत नाही म्हणून पोरांनी भाजी सोडून द्यायची काय? नाही! जनुकं आपल्या हातात नाहीत, पण चूल आपल्या हातात आहे. आणा ती शेगडी इकडं!"

मुलांनी शेगडी आणली, कढया आल्या. बायका पदर खोचून पुढे सरसावल्या. टीचरनी भिकाजींचाच कोबी दोन भाग करून ठेवला. अर्धा पाण्यात घालून बराच वेळ रटरटत ठेवला. उरलेला पार्वतीबाईंपुढे सरकवला. "मावशी, हा तुम्ही करा. तुमच्या मनाला येईल तसा. आज कुणाला विचारायचं नाही."

पार्वतीबाई क्षणभर थबकल्या. मग त्यांनी विळीवर कोबी असा चिरला की जणू हिरव्या धाग्यांची गुंडी सुटली! कढई चांगली तापवली, तेलात मोहरी, उडदाची डाळ, कढीपत्ता, सुकी मिरची टाकली. चुरचुर आवाज झाला. कोबी टाकला, मीठ घातलं, मोठ्या आचेवर भराभर परतला, खाली उतरवला, वर ओलं खोबरं पेरलं आणि लिंबू पिळलं. कानडीत ज्याला पल्या म्हणतात, तोच. पण कुरकुरीत, हिरवा, लखलखीत.

"आता दोन्हींचा वास घ्या," टीचर म्हणाल्या. पोरांनी आधी रटरटत्या कोबीच्या पातेल्यावर नाकं नेली आणि ती "ईऽऽ!" म्हणून मागे सरली. "कोबी जितका वेळ रटरटतो, तितका तो उग्र वास वाढत जातो. चटकन परतला तर तो वास उठायला वेळच मिळत नाही. मीठ कडूपणा दाबतं. खोबऱ्याचा गोडवा, लिंबाचा आंबटपणा, तेही मदतीला येतात. म्हणून भाजी तीच, पण चव दुसरी!"

"आणि कारलं, टीचर?" मागून कुणीतरी विचारलं.

"कारल्याचं कडू वेगळं. त्याला जिभेवर जागाही वेगळी. हा एक कागद काही सगळ्या आवडीनिवडी सांगत नाही. आणि सगळंच जनुकांत नसतं, बरं का! ज्या भाजीबरोबर पोरानं मार खाल्लाय, ती भाजी त्याला कधी गोड लागेल काय? भीतीनंही चव बिघडते."

मयूरीपुढे द्रोण आला. भिकाजींनीच तो आणला होता. पण तिच्या हातात न देता त्यांनी तो बाकावर ठेवला. "खा म्हणत न्हाई मी," ते म्हणाले. "मनात आलं तर बघ. न आलं तर राहू दे."

सगळे मयूरीकडे बघत होते. तिनं बोटाच्या टोकानं दोन काड्या उचलल्या, तोंडात टाकल्या, चावल्या. कपाळावर एक आठी आली. मग तिनं अजून थोडं उचललं.

"थोडं कडू हाय, आज्जा," ती म्हणाली. "पण चालतंय!"

भिकाजींना एवढा आनंद झाला की त्यांनी तिला उचलूनच घेतलं! "चालतंय म्हणाली! ऐकलं काय? चालतंय म्हणाली!"

"एवढं पुष्कळ आहे," टीचर हसून म्हणाल्या. "आज दोन काड्या. पुढच्या वेळी एक घास. सक्ती नाही, आमिष नाही. पुन्हा पुन्हा समोर आली, तर जीभही हळूहळू ओळख करून घेते."

"टीचर," भिकाजींनी अचानक विचारलं, "मग माझ्या कोथिंबिरीला काय इलाज?"

"आहे की! कोथिंबिरीचा तो साबणासारखा वास काहींच्याच नाकाला फार जाणवतो, तिथंही जनुकांचा हात आहे. पण पानं ठेचली की पानांतच असलेला एक रस त्या वासाला मोडायला लागतो. म्हणून बारीक वाटायची आणि जरा वेळ तशीच ठेवायची. मघाशी तुम्ही नको म्हटलेली चटणी सकाळी वाटलेली आहे, अण्णा."

आता तर गावच गोळा झालं! द्रोण पुढे आला. भिकाजींनी डोळे गच्च मिटले, नेमके मयूरी मिटायची तसे, आणि बोटभर चटणी जिभेवर घेतली. सगळे वाट बघत राहिले.

"साबण हाय..." ते म्हणाले. मग एक डोळा उघडला. "पण कमी हाय. पार कमी हाय!"

आणि त्याच वेळी पार्वतीबाईंनी, कुणाचं लक्ष नाही असं समजून, त्या द्रोणातली उरलेली सगळी चटणी भाकरीच्या तुकड्यावर घेतली आणि असं काही मिटक्या मारत खाल्लं की भिकाजी पाहतच राहिले. कोथिंबीर बायकोला इतकी आवडते, हेही त्यांना ठाऊक नव्हतं.

त्या दिवसानंतर भिकाजींच्या घरातला कायदा बदलला. भाजी टाकायची नाही, हे तसंच राहिलं. पण वाढण्याआधी विचारायचं, थोडंच वाढायचं, आणि लागलं तर पुन्हा घ्यायचं. कोबी आठवड्यातून एकदाच होऊ लागला, तोही परतून. योगेशची कोबीच्या दिवशीची भाडी आपोआप कमी झाली. मयूरीच्या पोटात दुखायचं थांबलं. नवलकोल तिला आजही आवडत नाही. ती तसं मोकळेपणानं सांगते आणि त्याऐवजी वालाच्या शेंगा मागून घेते.

दिवाळीच्या सुमारास सगळे खानापूरला नारायणरावांकडे गेले. पंगतीत त्यांचा नातू कान्हू मुळ्याच्या कोशिंबिरीकडे पाहून मान हलवत होता. नारायणराव डोळे वटारून म्हणाले, "खा गुमान! आमच्या घरात असले लाड चालत न्हाईत."

भिकाजींनी भावाच्या हातावर हात ठेवला. "अण्णा, एक घटकाभर थांबा. तुम्हाला मुळा गोड लागतोय, त्याला झोंबत असंल. ते पोराचं पाप न्हवं, तुमचंबी न्हवं. मुळ्यावरून पोराला ओरडण्यापेक्षा मुळा दुसऱ्या तऱ्हेनं करून बघू की. किसून, दह्यात घालून, फोडणी देऊन. खाल्लं तर खाल्लं, न्हाई तर गाजर हाय."

"भिकू, हे तू बोलतोयस?" नारायणराव चकित होऊन म्हणाले.

"मीच बोलतोय. उशिरा कळलं, पण कळलं." भिकाजी म्हणाले. मग त्यांची नजर चुलीपाशी उभ्या असलेल्या वहिनीकडे गेली. सगळ्यांना गरम भाकरी वाढता वाढता त्या अजून जेवायच्या बाकी होत्या. "वैनी, तुम्हाला कुठली भाजी आवडती?"

वहिनी उलथणं हातात धरून थबकल्या. त्या हसल्या, लाजल्या, नवऱ्याकडे पाहिलं, पुन्हा भिकाजींकडे पाहिलं.

"मला?" त्या म्हणाल्या. "बघा की, भावजी... मला कोण कधी विचारलंच न्हाई."

नारायणरावांनी हातातला घास खाली ठेवला. "मग मी विचारतो," ते म्हणाले. "सांग."

बंधुभगिनींनो, अन्न वाया घालवू नये हे खरंच. पोरांनी भाज्या खाव्यात हेही खरंच. पण दुसऱ्याच्या जिभेवर काय लागतं, ते आपल्या जिभेवरून ठरवण्याचा हक्क कुणालाही नाही. घरच्या कर्त्याची नावड ती प्रकृती आणि सुनेची, लेकराची, बायकोची नावड तो नखरा, हा अन्याय आपण रोज ताटाताटांतून वाढत असतो. तो थांबवायला कायदा लागत नाही, पैसा लागत नाही. कढई थोडी वेगळी तापवावी लागते, आणि वाढण्याआधी एक प्रश्न विचारावा लागतो: "तुला कसं लागतंय?" आणि उत्तर काहीही आलं, तरी ते खरं मानावं लागतं!